ऑक्सिजन कमी आणि पाण्यात जड धातू : माशांना दुहेरी फटका कसा बसतो?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या येलदरी धरणातून सोडलेलं पाणी इथे येतं. अशा जलाशयातल्या माशांसाठी उन्हाळा सर्वात कठीण असतो. का ते समजून घेऊ.

ऑक्सिजन का घटतो?

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसातच. त्यात सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू उरलेला ऑक्सिजनही वापरतात. रात्री शेवाळही ऑक्सिजन घेतं. त्यामुळे पहाटे परिस्थिती सर्वात वाईट असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा.

मग धातूंचा काय संबंध?

शिसं, कॅडमियम, तांबं, पारा हे धातू कारखान्यांचं सांडपाणी, फेकलेल्या बॅटऱ्या आणि रंगांमधून पाण्यात येतात. स्फुरदयुक्त खतांत कॅडमियमचा अंश असू शकतो, तर काही बुरशीनाशकांत तांबं असतं. हे धातू माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. कल्ल्यांवर चिकट थर वाढतो आणि ऑक्सिजन रक्तात पोहोचणं अवघड होतं.

दोन्ही एकत्र आले तर?

दम लागलेला मासा कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवतो, म्हणजे धातूही जास्त आत जातात. शिवाय तळाचा ऑक्सिजन संपला की गाळात अडकलेले काही धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतात.

रोहू, कटला यांना आधी त्रास होतो. मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे ते तगतात. पण धातूंपासून त्यांचीही सुटका नसते.

तुमच्या ताटाशी काय संबंध?

मुंबईच्या बाणगंगेत किंवा कोल्हापूरच्या पंचगंगेत मेलेले मासे तरंगले की बातमी होते. धातूंचा परिणाम मात्र असा डोळ्यांना दिसत नाही. कॅडमियम माशाच्या यकृत-मूत्रपिंडात साठतं, तर पारा थेट मांसात. मासा शिजवल्याने पारा जात नाही.

काय करायचं?

पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसले, तर तो धोक्याचा इशारा समजा. मेलेले मासे खाऊ नका, विकू नका. मत्स्यव्यवसाय विभागाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. तपासणी फक्त पाण्याची नको, गाळाची आणि माशांचीही व्हावी. पाण्यात हवा सोडून ऑक्सिजन वाढवता येतो, पण धातू तिथेच राहतात. ते पाण्यात येण्याआधीच रोखावे लागतात.