टायटॅनियमच्या मुठीवर रंग येतो कोठून?

छिन्नीला पाणी देताना लोहार धातूचा रंग न्याहाळत असतो, हे आपल्यापैकी अनेकांनी गावाकडे पाहिले असेल. घासून उजळलेल्या पोलादावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग सरकत येतो. योग्य क्षणी तो हत्यार पाण्यात बुडवितो. घडीच्या चाकूंच्या टायटॅनियमच्या मुठींवर हौशी कारागीर आज घरच्या घरी जे निळे-जांभळे रंग आणतात, त्यांचे मूळ याच घटनेत आहे.

मुठीवर कोणतेही रंगद्रव्य लावलेले नसते. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो. हवेत तो आपोआप तयार होतो, परंतु अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा असल्यामुळे डोळ्यांना जाणवत नाही. हा थर कित्येक पटींनी जाड केला, की त्याच्या वरच्या बाजूवरून परतलेला प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंग मावळतात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावरचे किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावरचे रंग याच जातीचे. रंग जाडीवर अवलंबून असल्याने त्यांचा क्रमही ठरलेला असतो. खरा लाल रंग या क्रमात येतच नाही. तो हवा असणाऱ्याने हा नाद सोडावा.

थर जाड करण्याचे मार्ग दोन. पहिला विजेचा. पाण्यात थोडा खाण्याचा सोडा विरघळवून त्यात मूठ बुडवावी आणि ती एकदिश विद्युत्प्रवाहाच्या धन टोकास जोडावी. ऋण टोकास टायटॅनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची पट्टी. दोन्ही एकमेकांस टेकता कामा नयेत. येथे निसर्गाची एक सुंदर सोय आहे. थर वाढतो तसा तो विजेला अडवू लागतो आणि त्या व्होल्टला साजेशी जाडी झाली, की वाढ जवळजवळ थांबते. दर व्होल्टमागे जाडी साधारण 2 नॅनोमीटरने वाढते. त्यामुळे 15 व्होल्टच्या आसपास तांबूस सोनेरी, 25 च्या सुमारास जांभळा, 30 च्या जवळ गडद निळा, पुढे फिकट निळा, 60 च्या आसपास पिवळा, मग गुलाबी आणि 90 च्या पलीकडे हिरवट, असे रंग मिळतात. मिश्रधातू आणि द्रावण यांनुसार थोडा फरक पडतो. व्होल्ट वाढवून पुढच्या रंगास जाता येते, कमी करून मागे येता येत नाही. म्हणून सुरुवात नेहमी खालून करावी. हाडे जोडण्याच्या टायटॅनियमच्या स्क्रूंना मापांनुसार वेगवेगळे रंग देतात, तेही याच रीतीने.

दुसरा मार्ग आचेचा. गॅसच्या ज्योतीवर मूठ फिरविली, की तोच क्रम उमटतो. मात्र आच सर्वत्र सारखी लागत नसल्याने रंग एकमेकांत वितळल्यासारखे दिसतात. अनेकांना हेच मोहक वाटते. नेमका रंग हवा असेल तर माझे मत विजेच्या बाजूने आहे. आच द्यायचीच असेल, तर पाते, स्क्रू, वॉशर सारे आधी सुटे करावे. टायटॅनियमला रंग आणणारी उष्णता पात्यापर्यंत पोहोचली, तर पात्याचे पाणी उतरते आणि ते पुन्हा धार धरत नाही. ज्या चाकूत मुठीचीच लवचीक पट्टी पात्याला अडवून धरते, त्या पट्टीला तर आच लावूच नये. तिचा ताण गेला, तर चाकू बोटांवर मिटू शकतो.

आता धोक्याविषयी, कारण हा प्रयोग पाहून करावासा वाटणारी मुले घरोघरी आहेत. 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, की 27 व्होल्ट मिळतात आणि जांभळ्या-निळ्या रंगास तेवढे पुरतात. नवख्याने येथेच थांबावे. घरातील 230 व्होल्टच्या सॉकेटवरून कोणतीही जोडणी करणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. 60 व्होल्टच्या पुढचे काम जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावे. प्रवाह चालू असताना द्रावणात हात घालू नये. ऋण टोकाशी हायड्रोजन सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ ज्योत नसावी. सोड्याऐवजी मीठ वापरू नये. क्लोरीन वायू निर्माण होण्याचा संभव असतो.

कारखान्यांत रंग देण्यापूर्वी धातू हायड्रोफ्लोरिक आम्लयुक्त द्रावणात धुतात. त्यामुळे वरच्या व्होल्टचे रंग, विशेषतः हिरवा, अधिक तेजस्वी येतात. हे आम्ल त्वचेतून आत झिरपते, शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते आणि थोडेसे अंगावर सांडले तरी जीव जाऊ शकतो. सुरुवातीला वेदनाही जाणवेलच असे नाही. घरात त्याला जागा नाही. हिरवा थोडा फिका आला तर येऊ द्यावा.

रंगविलेली मूठ हाताळल्यावर डागाळल्यासारखी दिसली, तर घाबरू नये. बोटांच्या तेलाचा थर प्रकाशाची वाट बदलतो, एवढेच. स्पिरिटने पुसताच मूळ रंग परततो. खिशातल्या किल्ल्यांनी घासून गेलेला रंग मात्र परत येत नाही. तेथे पुन्हा सोड्याचे पाणी आणि त्याच तीन बॅटऱ्या.