उंदीर निवडून का खातो?

अमरावती-अकोल्याकडच्या काळ्या वावरात उन्हाळ्यात भेगा पडतात. त्या भेगांत एक मऊ केसांचा शेतउंदीर राहतो. वजनाने शंभर ग्रॅमच्या आतला. ज्वारीचा दाणा याला प्रिय, पण शेजारी पडलेल्या कडब्याला तो सहसा तोंड लावीत नाही. पऱ्हाटीची बोंडे उंदरांनी फोडली, तर सरकी नाहीशी होते आणि कापूस मागे राहतो. आपण याला नासधूस म्हणतो. उंदराच्या बाजूने पाहिले तर हा पचनाचा हिशेब आहे.

गाय शंभर किलो वजनामागे दिवसाला दोन-अडीच किलो सुकी वैरण खाते. उंदराला मात्र स्वतःच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतके अन्न रोज लागते. बशीतला चहा लवकर निवतो ना, तशीच लहान अंगातली ऊब लवकर जाते. पोट मात्र बोटभर. त्यात कडबा भरून तो कुजण्याची वाट पाहणे उंदराला परवडत नाही. पिठूळ दाणा चटकन पचतो.

गायीजवळ मोठे कोठीपोट आणि रवंथ आहे. उंदराचे तंतू कुजविणारे जंतू असतात ते लहान आतड्याच्या पलीकडे, अंधनालात. तेथे जंतूंनी तयार केलेली प्रथिने आणि ब-जीवनसत्त्वे शोषून घेणारे आतडे मागेच राहिलेले असते. ती लेंडीबरोबर बाहेर जातात. म्हणून पुष्कळ कुरतडणारे प्राणी आपल्याच काही लेंड्या पुन्हा खातात. किळस येईल खरी, पण त्यांची ही रवंथच म्हणायची!

आणखी एक अडचण अशी की, उंदराला ओकता येत नाही. एकदा गिळले ते गिळले. सबब नवीन पदार्थ तो आधी चिमूटभर चाखतो. झिंक फॉस्फाइडचे आमिष एकदम टाकले की नेमके हेच घडते: थोडे खाऊन उंदीर आजारी पडतो, वाचतो, आणि पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाही. यासाठी आधी दोन-तीन दिवस तेल चोळलेला साधा भरडा बिळापाशी ठेवावा, आणि तो फस्त होऊ लागल्यावरच त्याच भरड्यात औषध काठीने कालवावे. हाताने मुळीच नाही.

वेळही पाहावी. हुरड्याच्या दिवसांत वावरात कोवळा दाणा भरपूर असतो. तुमचा भरडा मग कोण खाणार? मे-जूनमध्ये, पेरणीपूर्वी, वावर रिकामे असते. त्या वेळी शेजाऱ्यालाही बरोबर घ्यावे, नाहीतर त्याच्या धुऱ्यावरची बिळे तशीच राहतात.