बारीक अक्षरांतलीं माणसें



परवां माझ्या पुतण्यानें मला कांहीं ध्वनिमुद्रिका ऐकविल्या. 'काका, हें जमैकेचें रेगे संगीत आहे. जरा कान देऊन ऐका,' असें त्यानें बजावलें. मी पडलों जुना शाळामास्तर. पुस्तक हातीं आलें कीं मुद्रकाच्या नांवापर्यंत सारें वाचून काढावयाचें, ही माझी खोड. मुद्रिकांच्या वेष्टनांवर मोठ्या टाइपांत गायकांचीं नांवें होतीं, प्रत्येक वेष्टनावर निराळीं. वाद्यवृंदाचें नांवहि दर वेळीं निराळें. परंतु खालीं बारीक अक्षरांत दिलेलीं वादकांचीं नांवें पाहूं लागलों, तों तींच तींच माणसें पुनः पुनः भेटूं लागलीं! तेव्हां आज मी बोलणार आहें तें या बारीक अक्षरांविषयीं.

जमैका हें कॅरिबियन समुद्रांतील लहानसें बेट १९६२ सालीं ब्रिटिश अमलांतून स्वतंत्र झालें. पुढील दहापंधरा वर्षांत तेथें जें गंभीर वळणाचें रेगे बहरलें, त्याला 'रूट्स' म्हणजे मुळांचें संगीत म्हणतात. दारिद्र्य, गुलामगिरीची आठवण, आफ्रिकेची ओढ आणि रास्ताफारी पंथाची श्रद्धा हे त्याचे विषय. तें गाणारे पुष्कळदां त्रिकुटानें गात. एकानें मुख्य चाल धरावयाची व दोघांनीं तिच्या वरखालीं स्वर जुळवावयाचे, ही रीत त्यांनीं प्रार्थनामंदिरांतून आणि 'इंप्रेशन्स'सारख्या अमेरिकन संचांकडून उचलली. ॲबिसिनियन्स, हेप्टोन्स, मायटी डायमंड्स, कल्चर हीं सारीं त्रिकुटेंच. या त्रिकुटांजवळ गळे होते, पण वाद्यें व वादक बहुधा नसत. ते ध्वनिमुद्रणगृहाचा मालक पुरवी.

आतां हे वादक काय करीत तें ऐका. गायकानें चाल गुणगुणावयाची, वादकांनीं तेथल्या तेथें तिचा ठेका बसवावयाचा, आणि लगेच मुद्रण! पुढें कागदावर लिहिलेली स्वरलिपि बहुधा नसेच. आपल्या कानाला समेवर वजन अपेक्षित असतें. येथें चार मात्रांपैकीं पहिलीवर मोठा ड्रम बुद्ध्याच गप्प राहतो आणि सारा भार तिसरीवर कोसळतो. दुसऱ्या व चौथ्या मात्रेला गिटारीचा तुटक झणत्कार होतो. मधली मोकळी जागा बास गिटार खर्जांतील स्वरांनीं भरून काढते, आणि खरी चाल तीच चालविते असें मला तरी वाटलें. या ठेक्याला ते 'वन ड्रॉप' म्हणतात. पुढें किंग्स्टन शहरांतील 'चॅनल वन' या मुद्रणगृहांत ड्रमवादक स्लाय डनबार यानें कवाइतीच्या ताशासारखे कडक ठोके प्रचारांत आणले. मायटी डायमंड्सच्या १९७६ सालच्या 'राइट टाइम' या संग्रहांत ते स्पष्ट ऐकूं येतात.

चॅनल वनमधील संचाला 'रेव्होल्यूशनरीज' म्हणत. जो गिब्ज यांच्याकडील संच 'प्रोफेशनल्स', तर बनी ली यांचा 'ॲग्रोव्हेटर्स'. पाटी बदले, माणसें बरीचशीं तींच. बास वाजविणारा रॉबी शेक्सपिअर या तिन्हीं ठिकाणीं सांपडतो. २०२१ सालीं तो वारला.

हीं माणसें शिकलीं कोठें? शिक्षक या नात्यानें मला हा प्रश्न सोडवेना. किंग्स्टनमध्यें 'अल्फा' नांवाची शाळा होती. रोमन कॅथॉलिक जोगिणी ती चालवीत. अनाथ, गरीब आणि घरच्यांना न आवरणारीं मुलें तेथें राहत, सुतारकाम, छपाई वगैरे धंदे शिकत; आणि शाळेचा बँड होता. सिस्टर मेरी इग्नेशियस या बाईंना संगीताचें इतकें वेड, कीं त्यांनीं स्वतःच्या ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह मुलांसाठीं जमविला होता. ट्राँबोनवादक डॉन ड्रमंड त्याच शाळेंतला. १९७५ सालीं 'बर्निंग स्पिअर' या संचाचा 'मार्कस गार्व्ही' हा प्रसिद्ध संग्रह निघाला. त्यांतील ट्रंपेटवाला बॉबी एलिस, ट्राँबोनवाला व्हिन गॉर्डन व ड्रमवाला लेरॉय वॉलेस हेहि अल्फाचेच विद्यार्थी. कोणत्या शिक्षिकेला याहून मोठी बक्षिशी मिळाली असेल?

विद्यार्थ्यांच्या पदरांत मात्र फार थोडें पडलें. गाण्यामागें ठराविक रक्कम हातावर ठेवली कीं व्यवहार संपला. पुढें ती तबकडी हजारों खपली तरी वादकाचा तिच्याशीं संबंध नाहीं. गायकांचीहि दशा फारशी निराळी नसे. 'स्टुडिओ वन'चे मालक क्लेमंट डॉड यांच्याकडे ॲबिसिनियन्सनीं १९६९ सालीं 'सट्टा मस्सागाना' हें गीत मुद्रित केलें. त्यांत इथिओपियाच्या अम्हारिक भाषेंतले शब्द आहेत. डॉड यांना तें खपेलसें वाटेना. त्यांनीं तें तसेंच ठेवून दिलें. अखेर गायकांनीं आपलेंच गीत पैसे मोजून सोडवून घेतलें व १९७१ सालीं स्वतः प्रसिद्ध केलें. तें पुढें या संगीताचें जणूं स्तोत्रच होऊन बसलें. डॉड यांच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे, कीं रविवारीं दारीं येणाऱ्या नवख्या पोरांचें गाणें ते ऐकून घेत. ती दारें नसतीं तर कित्येक गळे गल्लींतच राहिले असते.

त्या गीतांत बास वाजविणारा लेरॉय सिबल्स हा वास्तविक हेप्टोन्सचा मुख्य गायक. पियानो व ऑर्गनवाला जॅकी मिटू यानें त्याला बासकडे वळविलें. स्टुडिओ वनमध्येंच १९६८च्या सुमारास मुद्रित झालेल्या 'फुल अप' या शब्दविरहित तुकड्यांतील बासहि त्याचाच म्हणतात. त्याच पायावर मायटी डायमंड्सनीं पुढें एक गाणें रचलें, आणि त्यांतून बर्मिंगहॅमच्या 'म्यूझिकल यूथ' या शाळकरी मुलांच्या संचाचें 'पास द डची' निघालें. १९८२ सालीं तें इंग्लंडांत खपाच्या यादींत पहिलें आलें. जमैकेंत नवा कॉपीराइट कायदा अमलांत यावयाला त्यानंतर आणखी अकरा वर्षें लागलीं.