पुलाचे मोल कोणी द्यावे?

शहरात पूल असावा की नसावा, याविषयी नागरिकांत सहसा दुमत नसते. तो कसा बांधावा याविषयी मात्र दुमत असते, आणि त्याचे पैसे कोणी द्यावेत हा प्रश्न निघाला म्हणजे तर सभा, समित्या, अहवाल आणि वर्तमानपत्रांतील पत्रे यांना खंड उरत नाही. या वादात जुना पूल बिचारा भार वाहत उभा असतो. त्याच्या जागी नवा पूल व्हावा हे सर्वांना मान्य असते. परंतु तो आपल्या खर्चाने व्हावा, हे कोणालाच मान्य नसते. या परिस्थितीतून एखादे शहर कसे मार्ग काढते, हे पाहावयाचे असेल तर कलकत्त्याच्या हावडा पुलासारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

मुंबईहून नागपूरमार्गे पूर्वेकडे जाणारी मेल जेथे आपला प्रवास संपविते, ते हावडा स्थानक हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर आहे. जुने कलकत्ता शहर वसले आहे ते पूर्व तीरावर. ईस्ट इंडियन रेल्वेची गाडी 1854 साली हावड्याहून धावू लागली, तेव्हा लोहमार्ग नदीच्या एका काठाला आणि शहर दुसऱ्या काठाला, अशी स्थिती निर्माण झाली. पुलाची गरज शोधून पाहण्यासाठी 1855–56 मध्येच समिती नेमली गेली. पण ही कल्पना काही वर्षांतच बासनात गुंडाळली गेली. पुढे 1870 मध्ये कलकत्ता बंदराचा कारभार पाहण्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि 1871 मध्ये पुलाचा कायदा झाला, तेव्हा कोठे कामाला प्रारंभ झाला.

हा पहिला पूल तरंगता होता. सर ब्रॅडफर्ड लेस्ली या इंजिनिअरने त्याची योजना केली होती. पाण्यावर तरंगणाऱ्या मोठमोठ्या पेट्या नांगरून ठेवावयाच्या आणि त्यांच्यावर रस्ता अंथरावयाचा, अशी ही रचना. पुलाचे भाग इंग्लंडात तयार होऊन कलकत्त्यास जोडले गेले. मार्च 1874 मध्ये वादळात एक आगबोट नांगर तुटून पुलावर आदळली, तीन पेट्या बुडाल्या आणि सुमारे 200 फूट लांबीचा भाग मोडला. तरीही काम पुरे होऊन त्याच वर्षी 17 ऑक्टोबर रोजी पूल खुला झाला. खर्च आला सुमारे 22 लाख रुपये. लांबी 1,528 फूट, रुंदी 62 फूट. त्या काळाच्या मानाने हे मोठेच बांधकाम होते.

तरंगता पूलच का पसंत केला गेला, याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. हुगळी ही गाळाची नदी. बंदराचे सारे जीवित तिच्या खोलीवर अवलंबून. नदीत दगडी खांब उभे केले तर प्रवाहाची गती ठिकठिकाणी मंदावेल, गाळ बसेल आणि जहाजांची वाट बुजेल, अशी बंदराच्या अधिकाऱ्यांना धास्ती होती. तरंगत्या पुलाला खांब लागत नाहीत. शिवाय त्याचा मधला 200 फुटांचा तुकडा बाजूला काढून जहाजांना वाट देता येते. तो स्वस्तही होता, हे वेगळे सांगावयास नकोच.

परंतु स्वस्ताईचा बोजा कोणावर तरी पडतोच. हुगळीला समुद्राची भरती-ओहोटी लागते. ओहोटीच्या वेळी पूल पाण्याबरोबर खाली जाई आणि काठाकडून पुलावर उतरणारा रस्ता तीव्र उताराचा होई. मालाने भरलेली बैलगाडी तो चढ चढू लागली की बैलांची छाती फुटण्याची वेळ येई आणि मागची सारी रहदारी तुंबून राही. जहाजासाठी पूल उघडला की दोन्ही काठांवर माणसे, गाड्या आणि पालख्या खोळंबत. आधी पूल केवळ दिवसाच उघडला जाई. 1906 पासून तो रात्रीही उघडण्यात येऊ लागला, तेव्हा ही अडचण थोडी कमी झाली. बांधकामात वाचलेला पैसा असा रोजच्या रोज गाडीवान, हमाल आणि उतारू यांच्या वेळातून व श्रमातून वसूल होत होता. त्याचा हिशेब मात्र कोणत्याही खतावणीत लिहिला जात नव्हता.

1906 साली नवी समिती बसली. तिने रहदारीची मोजदाद केली, तेव्हा वाहनांपैकी तेरा हिश्शांतील आठ हिस्से बैलगाड्याच आहेत असे आढळले. समितीपुढे अनेक पर्याय होते. नदीखालून बोगदा काढला तर सुमारे 338 लाख रुपये लागणार होते. खांबांवरचा पक्का पूल सुमारे 225 लाखांत झाला असता. नवा तरंगता पूल मात्र 21 लाख 40 हजारांत होण्यासारखा होता. आकड्यांचे हे अंतर पाहिल्यावर समितीचा कौल कोणीकडे पडला, हे ओळखणे अवघड नाही. पुन्हा तरंगत्या पुलाचीच शिफारस झाली, निविदा मागविल्या गेल्या, बक्षीसही जाहीर झाले. पण तोच पहिले महायुद्ध सुरू झाले आणि योजना अडगळीत पडली. जुन्या पुलाची 1917 मध्ये आणि पुन्हा 1927 मध्ये डागडुजी करून वेळ मारून नेण्यात आली.

युद्ध संपल्यावर 1921 मध्ये सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली इंजिनिअरांची समिती नेमण्यात आली. या समितीपासून विचाराची दिशा पालटली. तात्पुरत्या सोयीपेक्षा कायमचा पूल हवा, हे मत बळावले. पण कायमचा पूल म्हणजे कोट्यवधी रुपयांचा खर्च. हा पैसा आणावयाचा कोठून? सरळ उत्तर असे की, जो पूल ओलांडील त्याने पथकर द्यावा. परंतु पूल ओलांडणारांत पाटीवाला होता, दूधवाला होता, गिरणीतला मजूर होता. त्यांच्याकडून पै-पैसा गोळा करावयाचा, आणि त्यासाठी पुलाच्या तोंडाशी आधीच तुंबलेली रहदारी आणखी थांबवावयाची, हे व्यवहाराला धरून नव्हते. उलट, ज्याच्या कारखान्याचा कोळसा पुलावरून येतो, ज्याच्या दुकानातला माल पुलावरून जातो आणि ज्याच्या जागेची किंमत पुलामुळे वाढते, तो स्वतः पुलावर कधी पाऊलही ठेवणार नाही; पण पुलाचा लाभ त्यालाच अधिक होणार, हेही दिसत होते.

1926 च्या हावडा पुलाच्या कायद्याने या प्रश्नाला उत्तर दिले. पुलाच्या खर्चाचा वाटा घरे व जमिनी यांच्या वार्षिक मूल्यावर कर बसवून उचलावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. कलकत्ता महापालिकेच्या मालमत्ता करात ‘हावडा पूल कर’ ही स्वतंत्र बाब आली, आणि ती स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके टिकली. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या घरमालकाला प्रथमदर्शनी हा अन्याय वाटणे स्वाभाविक होते. नदीपलीकडे त्याचे काही काम नव्हते. पण त्याच्या स्वयंपाकघरातील तांदूळ आणि त्याच्या घराच्या विटा यांतील किती भाग नदी ओलांडून आला आहे, याचा विचार केला की त्या कराची उपपत्ती लागते.

पैशाची तजवीज झाल्यावरही पुलाच्या स्वरूपाचा वाद लगेच मिटला नाही. कमानीचा पूल, झुलता पूल, खांबांवरचा पूल असे निरनिराळे आराखडे पुढे आले. अखेर रेंडेल, पामर अँड ट्रिटन या इंग्लिश सल्लागारांनी जो आराखडा केला, तो ‘कँटिलिव्हर’ पद्धतीचा होता. ही पद्धती समजण्यास कठीण नाही. घराचा सज्जा एका बाजूने भिंतीत पक्का बसविलेला असतो आणि दुसऱ्या बाजूने मोकळा पुढे आलेला असतो. असे दोन प्रचंड सज्जे दोन तीरांवरून एकमेकांकडे झेपावले आहेत आणि त्यांच्या टोकांच्या मधल्या जागेत एक तुकडा टेकविला आहे, अशी कल्पना करावी. सज्जा पुढे झुकून कोसळू नये म्हणून त्याचा मागचा बाहू जमिनीत जखडून ठेवावा लागतो. हावड्याच्या पुलात प्रत्येक मनोऱ्यापासून नदीवर 468 फूट लांबीचा बाहू पुढे आला आहे, तर 325 फुटांचा बाहू मागे काठाकडे गेला आहे. दोन पुढच्या बाहूंच्या मध्ये 564 फुटांचा तुकडा आहे. मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंतचे अंतर असे 1,500 फूट, म्हणजे सुमारे 457 मीटर होते, आणि एवढ्या अंतरात नदीमध्ये एकही खांब नाही. रस्ता वरच्या सांगाड्याला पोलादी दांड्यांनी टांगलेला आहे. पाऊणशे वर्षांपूर्वीपासून बंदराला वाटत असलेल्या गाळाच्या भीतीचे हे पोलादात दिलेले उत्तर होते.

1936 मध्ये बांधकाम सुरू झाले. मनोऱ्यांचा पाया घालण्यासाठी चौकोनी कप्प्यांच्या प्रचंड विहिरी जमिनीत उतरविण्यात आल्या. आतली माती उपसावी आणि विहीर आपल्याच भाराने खाली जावी, असे हे काम. एका वेळी तळाची जमीन एकाएकी खचली आणि ते सारे ओझे दोन फूट खाली बसले. तो हादरा भूकंपमापक यंत्रावर नोंदला गेला, असे सांगतात. पुलाला एकूण 26,500 टन पोलाद लागावयाचे होते. दुसरे महायुद्ध पेटल्यामुळे इंग्लंडातून येणारे पोलाद थांबले, आणि सुमारे 23,000 टन पोलाद जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्याने पुरविले. जोडकाम सारे रिव्हेट ठोकून केलेले आहे. जपानी विमानांनी डिसेंबर 1942 मध्ये कलकत्त्यावर बाँब टाकले होते. त्यामुळे पूल तयार झाला तरी उद्घाटनाचा समारंभ झाला नाही. 3 फेब्रुवारी 1943 रोजी तो खुला झाला आणि त्यावरून पहिल्याने गेली ती एक एकटी ट्राम. एकूण खर्च सुमारे अडीच कोटी रुपये झाला. पक्का पूल महाग पडतो म्हणून 1906 मध्ये बाजूला सारला गेला, त्याच्याच आसपासचा हा आकडा आहे. दरम्यानची सदतीस वर्षे मात्र गाडीवानांनी आणि उतारूंनी मोजली.

1965 मध्ये या पुलाला ‘रवींद्र सेतु’ हे नाव देण्यात आले. ट्राम 1993 मध्ये त्यावरून बंद झाली. बैलगाड्यांची जागा बसगाड्यांनी घेतली. भार मात्र कमी झाला नाही. भार हलका करण्यासाठी दक्षिणेस ‘विद्यासागर सेतु’ उभारण्यात आला. त्याचा शिलान्यास 1972 मध्ये झाला, प्रत्यक्ष काम 1979 मध्ये सुरू झाले आणि पूल 1992 मध्ये खुला झाला. त्या पुलावर पथकर ठेवण्यात आला. मोटारींची वाहतूक वाढल्यानंतरच्या काळात, स्वतंत्र रस्त्यावर, पथकर घेणे शक्य होते. 1926 च्या गर्दीत ते शक्य नव्हते. तेव्हा पैसे उभारण्याची एकच रीत सर्वत्र न्याय्य असते असे नाही. पूल कोण वापरतो आणि त्याचा लाभ कोठपर्यंत पोहोचतो, हे पाहूनच ती ठरवावी लागते.

या कथेत आणखी एक बोध आहे, आणि तो आजच्या शहरांना अधिक जवळचा आहे. पूल बांधण्यासाठी पैसा उभा राहतो, कारण नवा पूल डोळ्यांना दिसतो. तो राखण्यासाठी लागणारा पैसा मात्र दिसत नाही. हावड्याच्या पुलासारख्या पोलादी राक्षसालासुद्धा पक्ष्यांची विष्ठा आणि पादचाऱ्यांनी थुंकलेली पानाची पिचकारी यांनी जेरीस आणले. टांगणीच्या दांड्यांच्या बुडाशी असलेली 6 मिलिमीटर जाडीची पोलादी आवरणे थुंकीतील चुना आणि आम्ल यांनी काही वर्षांत निम्म्याहून अधिक खाऊन टाकली, असे 2011 च्या सुमारास आढळून आले, आणि त्यांच्यावर फायबरग्लासची वेष्टने चढवावी लागली.

मुंबईतील अंधेरीच्या गोखले पुलाची हकीगत महाराष्ट्रातील श्रोत्यांच्या स्मरणात असेल. जुलै 2018 मध्ये त्याचा पादचारी भाग लोहमार्गावर कोसळला. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल रहदारीस बंद झाला. लोहमार्गावरचा भाग रेल्वेच्या अखत्यारीत, दोन्ही बाजूंचे रस्ते महापालिकेच्या. त्यामुळे देखभाल कोणाची आणि खर्च कोणाचा, हा वाद चालत राहिला. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये खुली झाली, तेव्हा तिची पातळी शेजारच्या उड्डाणपुलाशी जुळत नसल्याचे दिसून आले. ती जुळवून घ्यावी लागली. पूर्ण पूल मे 2025 मध्ये खुला झाला. या सर्व काळात पूर्व-पश्चिम उपनगरांतील रुग्णवाहिका, शाळेच्या बसगाड्या आणि नोकरदार लांबच्या वळणाने जात होते. हुगळीकाठच्या गाडीवानाचेच हे नवे रूप होय.

ज्या पुलाचे आयुष्य शंभर वर्षांचे धरले आहे, त्याच्या देखभालीची आणि पुढे त्याच्या जागी यावयाच्या पुलाची तरतूद पहिल्या वर्षापासून थोडी थोडी केली, तर त्या रकमेचा भार कोणालाच जड होणार नाही. ती केली नाही, तर तोच भार एखाद्या पिढीवर एकदम कोसळतो. कलकत्त्याच्या घरमालकाने आपल्या कराच्या बिलातील ती छोटीशी रक्कम कुरकुरत का होईना भरली. त्या रकमेतून जो पूल उभा राहिला, त्यावरून आजही दररोज लाखो माणसे पायी आणि गाड्यांतून ये-जा करतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून घराबाहेर पडावे लागत नाही.