बायोप्सीची तारीख मिळाली, आता झोप येत नाही

तोंडाच्या कर्करोगावर व्याख्यानं पुष्कळ होतात. तंबाखू सोडा, मावा सोडा, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आज आपण फक्त पंधरा-वीस दिवसांविषयी बोलू. डॉक्टरांनी गालाच्या आत पांढरा चट्टा बघितला, ‘छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू’ म्हणाले आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. तिथपासून रिपोर्ट हातात पडेपर्यंतचे हे दिवस.

वसई-विरारमध्ये अशी तारीख घेऊन त्या दिवशी न फिरकलेली माणसं आम्हा दातांच्या डॉक्टरांना नेहमी भेटतात. कुणी सहा महिन्यांनी येतो, कुणी वर्षाने. का नाही आलात विचारलं तर सुट्टी मिळाली नाही, घरात लग्न होतं, असं काहीबाही सांगतात. खरं कारण बहुतेक वेळा भीती असते. या भीतीला आम्ही नावं ठेवत नाही, ती वाटणारच. पण तिच्यात काय काय मिसळलंय ते वेगळं करून बघू.

सगळ्यात जुनी भीती म्हणजे ‘सुरी लागली की पसरतो’. वाडीत, चाळीत, लोकलच्या डब्यात, सगळीकडे ऐकू येते. हा समज आला कुठून? माणूस उशिरा येतो. गाठ मोठी झालेली असते, मानेतही उतरलेली असते. तेव्हा तुकडा काढतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत तब्येत ढासळते. शेजारपाजाऱ्यांना दिसतं ते एवढंच, की तुकडा काढला आणि माणूस गेला. आजार आधीपासून वाढत होता हे कुणाला दिसलेलं नसतं. चट्ट्यातून डाळीएवढा तुकडा घेतल्याने साध्या चट्ट्याचा कर्करोग होत नाही. आणि कर्करोग असलाच, तर या तपासणीवाचून त्याचे उपचार सुरूच करता येत नाहीत.

दुसरी भीती सुईची. ती खरी आहे, कारण सुई टोचते. दाढ काढताना देतात तेच भुलीचं इंजेक्शन. काही सेकंद चुरचुरतं, मग ओठ-गाल जड होतो. त्या औषधात बहुधा अॅड्रेनालिन असतं, त्यामुळे मिनिटभर छाती धडधडू शकते. हे आधी माहीत नसलं की माणसाला वाटतं, हार्ट अटॅकच आला! धडधड थोड्या वेळात ओसरते, पण जाणवली की डॉक्टरांना सांगा. नंतर चिमटा लागत नाही, ओढल्यासारखं मात्र जाणवतं. एक-दोन टाके पडतात. सगळं मिळून अर्धा तास, त्यातही प्रत्यक्ष तुकडा काढायला काही मिनिटंच.

उपाशी पोटी जाऊ नका. फक्त बधिर करून करायचं असेल तर उपास लागत नाही, उलट रिकाम्या पोटी आणि घाबरलेल्या अवस्थेत चक्कर येते. मधुमेह, रक्तदाब, कसलीही अॅलर्जी, हे आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, पण मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. घरी आल्यावर बधिरपणा जाईपर्यंत काही चावू नका, नाहीतर आपलाच गाल चावला जातो. पहिले दोन दिवस गार किंवा कोमट पेज, मऊ भात, दही, केळं. कालवण तिखट नको. रक्त आलं तर स्वच्छ गॉज दाबून पंधरा-वीस मिनिटं धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. तरीही थांबलं नाही तर लगेच डॉक्टरांकडे जा. मशेरी लावणाऱ्या आमच्या मावश्यांनी निदान त्या आठवड्यात तरी डबी लांब ठेवावी. आणि ‘मी फक्त सुपारी खातो, तंबाखू नाही’ म्हणणाऱ्यांनी ऐकून ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक म्हटलं आहे. वसईच्या पानमळ्यांचा आम्हालाही अभिमान आहे, पण दोष पानवेलीचा नाही, पानात पडणाऱ्या सुपारी-तंबाखूचा आहे.

आता खरी भीती. उत्तराची. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग म्हटलं की आर. आर. आबा आठवतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते गेले, वय फक्त ५७. रात्री झोप उडते तेव्हा तोच चेहरा समोर येतो. पण याच महाराष्ट्रात शरद पवारांनाही हा आजार झाला. २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत निदान झालं, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षं ते राजकारणात आहेत, आणि तंबाखूच्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितला आहे. यावरून तुमचं काय होईल हे कुणालाच सांगता येणार नाही. इतकंच, की कर्करोग या एका शब्दात एकच शेवट लिहिलेला नसतो.

शिवाय रिपोर्टमध्ये हाच शब्द येईल असंही नाही. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात, केसापेक्षा कितीतरी पातळ काप घेऊन रंगवतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. या कामाला दिवस लागतात. रिपोर्ट उशिरा आला म्हणजे काहीतरी वाईट निघालं, असा अर्थ काढू नका. उत्तरात लायकेन प्लॅनस असू शकतं, नुसती जाड झालेली त्वचा असू शकते, तोंड आखडवणारा सबम्युकस फायब्रोसिस असू शकतो. ‘डिस्प्लेसिया’ लिहिलं असेल तर पेशींची ठेवण बिघडू लागली आहे, पण त्या अजून खालच्या थरात घुसलेल्या नाहीत. सौम्य असेल तर सवय सोडून ठरावीक अंतराने तपासत राहतात, तीव्र असेल तर तो भाग काढून टाकण्याचा सल्ला देतात. हा फरक डोळ्यांनी बघून आम्हाला सांगता येत नाही, म्हणून तर तुकडा मागतो. कधी कधी रिपोर्ट साधा येतो आणि चट्टा मात्र वाढतच असतो. मग पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. तेव्हा चिडू नका.

वाट बघण्याचे दिवस सोपे करायला आमच्याकडे जादू नाही. निघतानाच विचारून घ्या: रिपोर्ट कुठल्या तारखेला, कुणाकडून, आणि तो ऐकायला सोबत कोण येणार? तारीख ठाऊक असली की मनाला टेकायला जागा मिळते. मोबाइलवर फोटो शोधत बसू नका, तिथे सगळ्यात भयानक तोंडंच दिसतात. आणि घरच्यांनो, ‘काही नाही होणार’ म्हणून विषय बंद करू नका. ‘भीती वाटतेय ना?’ एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका.

एक कागदी काम राहिलं. रिपोर्टबरोबर काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही कसे मिळतील ते विचारून ठेवा. पुढे परळच्या टाटा रुग्णालयात जायची वेळ आली, तर तिथे ते पुन्हा तपासायला मागतात. ते जवळ नसले तर एवढ्याचसाठी परत विरार गाठावं लागतं.