पडद्यावर न दिसणारी एकविसावी ओळ

एका वृत्तवाहिनीचं वर्षभराचं प्रक्षेपण साठवायला किती जागा लागेल? साधा हिशोब मांडून पाहू. सेकंदाला ४ मेगाबिट या बेताच्या दराने चित्र आणि आवाज येत असेल, तर तासाला १.८ गिगाबाइट, दिवसाला ४३ आणि वर्षाला जवळजवळ १६ हजार गिगाबाइट होतात. आता त्याच वाहिनीवर वर्षभर बोलला गेलेला शब्द न् शब्द लिहून काढला असं समजा. तासाला साडेआठ हजार शब्द धरले, देवनागरी शब्दाला संगणकात सरासरी २० बाइट धरले आणि निवेदक चोवीस तासांत एकदाही थांबला नाही असं मानलं, तरी वर्षाचा मजकूर दीड गिगाबाइटमध्ये आटोपतो. वर्षभराचं सगळं बोलणं एका तासाच्या चित्रापेक्षाही कमी जागेत!

हा आकडा पहिल्यांदा मांडला तेव्हा मी तो पुन्हा तपासला. पण तो खरा आहे, आणि टीव्ही साठवून त्यात शोध घेण्याचं सगळं रहस्य त्यातच आहे. साठवायचं चित्र, शोधायचे मात्र शब्द. तुम्ही एखादं नाव टाइप करता आणि दहा वर्षांपूर्वीच्या बुलेटिनमधला नेमका क्षण समोर येतो, तेव्हा संगणकाने एकही फीत पाहिलेली नसते. पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी त्याच्याकडे प्रत्येक शब्दाची सूची तयार असते. पानाच्या क्रमांकाऐवजी तिथे वाहिनी, तारीख, तास, मिनिट आणि सेकंद लिहिलेले असतात.

पण मुळात हे शब्द आणायचे कुठून?

अमेरिकेत ते सापडले ते कर्णबधिर प्रेक्षकांमुळे. तिथल्या जुन्या टीव्हीचं चित्र ५२५ ओळींचं असायचं. त्यातल्या सगळ्या ओळी पडद्यावर दिसत नसत. एक चित्र संपून दुसरं सुरू होईपर्यंत काही ओळी कोऱ्याच जात. त्यांतली एकविसावी ओळ अभियंत्यांनी निवडली आणि तिच्यात दर चित्रामागे दोन अक्षरं दडवली. सेकंदाला सुमारे ३० चित्रं, म्हणजे ६० अक्षरं. बोलण्याच्या वेगाला ती पुरून उरतात. मार्च १९८० पासून तिथे अशी उपशीर्षकं नियमित जाऊ लागली, आणि जुलै १९९३ पासून तेरा इंची किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत ती उलगडण्याची सोय असणं बंधनकारक झालं. थेट बातम्यांसाठी लघुलेखक ऐकत ऐकत टंकत असल्यामुळे शब्द काही सेकंद उशिरा उमटतात. म्हणून हवा तो शब्द सापडल्यावर ध्वनिचित्रफीत थोडी मागून सुरू केलेली बरी, नाहीतर हवं ते वाक्य निसटून गेलेलं असतं.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी केलेली ही सोय पुढे साऱ्या समाजाच्या स्मरणाची किल्ली ठरली. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हने २००० सालापासून टीव्ही मुद्रित करायला सुरुवात केली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी साडेतीन लाख वृत्त-कार्यक्रम शोधासाठी खुले केले, ते याच उपशीर्षकांच्या बळावर.

त्याआधीचा मार्ग माणसांचा होता. पॉल सिम्प्सन हे नॅशव्हिलचे विमा व्यवसायातले गृहस्थ. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या वाहिन्या आपल्याच संध्याकाळच्या बातम्या दोनेक आठवड्यांत पुसून टाकतात, हे कळल्यावर त्यांना राहवेना. त्यांच्या पुढाकाराने व्हँडरबिल्ट विद्यापीठात ५ ऑगस्ट १९६८ पासून त्या बातम्यांचं मुद्रण सुरू झालं. तिथे माणसं प्रत्येक बातमीपत्र पाहून त्याचा सारांश लिहीत आणि वाचक त्या सारांशांत शोध घेत. १९७३ मध्ये त्यांतल्याच सीबीएस या वाहिनीने विद्यापीठावर खटला भरला. १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात अशा संग्रहांसाठी खास तरतूद झाली आणि तो खटला मागे पडला. सारांशात एक उणीव राहतेच. लिहिणाऱ्याला जे त्या दिवशी महत्त्वाचं वाटलं तेवढंच त्यात येतं, आणि पन्नास वर्षांनंतरचा संशोधक नेमकं उरलेलं शोधत असतो.

हे उरलेलं जपलं ते फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी. एकेकाळी त्या ग्रंथपाल होत्या. १९७९ मध्ये इराणमध्ये अमेरिकी दूतावासातली माणसं ओलीस धरली गेली, तेव्हापासून त्यांनी घरी बातम्यांचं मुद्रण अखंड चालू ठेवलं. एका वेळी अनेक व्हीसीआर, रात्रंदिवस. टेप संपत आली की ती बदलायला कुणीतरी हजर असायलाच हवं. बाहेर जेवायला गेलेलं कुटुंब त्यासाठी लगबगीने घरी परते. १४ डिसेंबर २०१२ ला त्यांचं निधन झालं, तोवर सुमारे ७० हजार टेपा जमल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने तो सगळा साठा इंटरनेट आर्काइव्हला दिला.

आता या गोष्टीतला मला सर्वांत थक्क करणारा भाग. टेपांच्या पाठीवर फक्त त्रोटक नोंदी होत्या. सूची अशी नव्हतीच. पण व्हीएचएस टेप चित्राबरोबर ती न दिसणारी एकविसावी ओळही टिपून घेते! म्हणजे स्टोक्सबाई प्रक्षेपण साठवत होत्या तेव्हा, उपशीर्षकं असतील तिथे, त्याचे शब्दही, लिखित रूपात, त्याच फितीवर उतरत होते. काही न गाळता, काही न निवडता जसं आलं तसं ठेवण्याचं हे फळ.

आजही साठवण्याची पद्धत ठरवताना मी हाच निकष लावेन. डिजिटल प्रक्षेपण १८८ बाइटच्या छोट्या छोट्या पुडक्यांतून येतं. चित्र, आवाज, घड्याळाची वेळ, कार्यक्रमाचं नाव, सगळं त्या एकाच प्रवाहात असतं. तो प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहावा. जागा वाचवण्यासाठी पुन्हा आवळून लहान फाइल केली तर चित्र बिघडतं, आणि बरोबरची माहिती बहुधा गळून पडते.

मराठी वाहिन्यांवर अशी उपशीर्षकं जवळजवळ नसतातच, त्यामुळे शब्द आवाजातूनच काढावे लागतात. हे काम आता घरचा संगणकही करू शकतो. २०२२ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या व्हिस्पर या प्रणालीला मराठी येते. आडनावं आणि गावांची नावं ती चुकवते, पण पडद्याच्या तळाशी पळणाऱ्या पट्टीवर ती बऱ्याचदा लिहिलेली असतात आणि चित्रातली अक्षरं वाचणारी प्रणाली तिथून ती उचलते. मग आपली भाषा एक वेगळंच काम पुढ्यात ठेवते. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याचा’, ‘पाण्यासाठी’, ‘पाण्यावरून’ हातून सुटतात, कारण प्रत्यय लागताच मूळ शब्दच बदलतो. सूची करतानाच प्रत्येक रूप त्याच्या मूळ शब्दाशी बांधून ठेवावं लागतं. यंत्राने केलेला मजकूर आज कच्चा असला तरी हरकत नाही. मूळ आवाज हाती असेल तर पाच वर्षांनी अधिक तयार कानाच्या यंत्राकडून तो पुन्हा लिहून घेता येतो. आवाजच नसेल तर काहीच करता येत नाही.

आणि हा आवाज फार दिवस राहील याची हमी नाही. आपल्या वाहिन्यांवर प्रक्षेपणाची नोंद ९० दिवस ठेवण्याचं बंधन आहे, पुढचं त्यांच्या मर्जीवर. दुसरीकडे आपल्या कॉपीराइट कायद्याचं ३९ वं कलम सांगतं, की स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी प्रक्षेपणाचं मुद्रण केल्याने प्रसारकाच्या हक्काचा भंग होत नाही. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काशिवाय मिळते. छतावरची तबकडी आणि संगणकाला जोडायचा उपग्रह-ट्यूनर एवढ्यावर काम सुरू होऊ शकतं. एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी किंवा पत्रकारिता विभागाने अभ्यासासाठी रोजच्या अर्ध्या तासाच्या बातम्या तेवढ्या टिपायचं ठरवलं, तर सुरुवातीच्याच दराने वर्षाला सुमारे ३३० गिगाबाइट लागतील. दहा वर्षांच्या बातम्या ४ टेराबाइटच्या एका डिस्कवर मावतील, आणि त्यांतला प्रत्येक शब्द, सेकंदाच्या नोंदीसह, तिथेच एका कोपऱ्यात.