मुलाची बुद्धिचाचणी : घाबरू नका, समजून घ्या

“शाळेने टेस्ट करून आणायला सांगितलंय. म्हणजे माझं पोरगं वेडं आहे का, ताई?” मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्क भागातील एका केंद्रात मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून इंटर्नशिप करताना हा प्रश्न मला अनेक आयांनी विचारला. उत्तर सरळ आहे : नाही. ही चाचणी वेड शोधत नाही. मूल नेमके कुठे अडते आणि त्याला कोणती मदत हवी, हे ती दाखवते.

या चाचणीचा जन्मच मदतीसाठी झाला. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी शाळेत जादा मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी ती तयार केली. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. पुढे नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी आणखी एक चाचणी आणली. या दोन्ही चाचण्या आजही वापरात आहेत.

चाचणीच्या खोलीत इंजेक्शन नसते, मशीन नसते, पास-नापासही नसते. आधी मुलाशी गप्पा होतात. मग ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, ऐकलेले आकडे सरळ आणि उलट क्रमाने म्हणणे, चित्रात काय राहिले ते ओळखणे, शब्दांचे अर्थ सांगणे अशी कामे देतात. मूल दमले तर थांबतात. मूल कधी चालू-बोलू लागले, घरी कसे वागते, हे आई-वडिलांना विचारतात.

शेवटी बुद्ध्यांक निघतो. साधारण ९० ते १०९ म्हणजे सरासरी. तो ७० च्या खाली आला तरी तेवढ्यावरून बौद्धिक अक्षमता ठरत नाही. मूल जेवण, कपडे, दुकानातून सामान आणणे अशी रोजची कामे कशी करते, हेही पाहावे लागते.

शिवाय हा आकडा कायमचा नसतो. मूल उपाशी, आजारी किंवा घाबरलेले असेल, त्याला कमी दिसत वा ऐकू येत असेल, प्रश्न परक्या भाषेत असतील, तर गुण घसरतात. घरात पुस्तके नसलेले मूल शब्दार्थात मागे आणि ठोकळ्यांत पुढे असू शकते. अमेरिकेत याच चाचण्यांच्या आधाराने काळ्या लोकांना आणि गरीब स्थलांतरितांना जन्मतःच कमी बुद्धीचे ठरवले गेले. जन्मावरून बुद्धी ठरवण्याचा हा डाव आपल्याला नवा नाही. शिकवणीने बुद्धी वाढते, असे स्वतः बिने यांचे मत होते.

काही मुलांचा बुद्ध्यांक चांगला असतो, पण वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही. ही अध्ययन अक्षमता. आठ वर्षांच्या आसपास तिची वेगळी तपासणी करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नायर रुग्णालय येथे अशी तपासणी होते. कोणते प्रमाणपत्र चालेल, हे शाळेला आधीच विचारावे.

पालकांनी एवढे जरूर करावे :

• चाचणीपूर्वी डोळे आणि कान तपासून घ्या.
• मुलाला पोटभर खायला द्या, पुरेशी झोप होऊ द्या. “तुझी परीक्षा आहे” असे सांगू नका.
• घरात जी भाषा बोलता, त्याच भाषेत चाचणी घ्यायला सांगा.
• अहवालाची प्रत मागा. “माझे मूल कशात चांगले आहे? कशात अडते? घरी आम्ही काय करायचे?” हे तीन प्रश्न विचारा.
• शंका असेल तर काही काळाने पुन्हा चाचणी करून घ्या.
• खर्च परवडत नसेल तर आधी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात चौकशी करा. मनातली काळजी बोलायची असेल तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

“लोक काय म्हणतील” म्हणून चाचणी टाळली, तर मदतीची वर्षे वाया जातात आणि मूल शाळा सोडते. अहवाल शेजाऱ्यांना दाखवण्याची गरज नाही. वर्गशिक्षकांना मात्र दाखवा. आणि घरात ‘ढ’ हा शब्द कुणी उच्चारू नये. मूल तो लवकर खरा मानते.